आगत्तीचं विमान आणि पुण्यातला साखरपुडा

कुडाळच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात:

"येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघं लक्षद्वीपला जायचं म्हणतोय. मी, यजमान, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. गोव्यातल्या मोपाहून थेट तिथल्या आगत्ती बेटावर जाणारं विमान बघून ठेवलंय. एक रात्र आगत्तीला, मग तीन रात्री शेजारच्या बंगारम बेटावर. परतीच्या दिवशी सकाळी बंगारमहून बोटीने आगत्ती, तिथून विमानाने मोपा, रात्रीच्या गाडीने पुणे आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भाचीचा साखरपुडा. यजमान म्हणतात, सगळं बरोबर बसतंय. मला मात्र धाकधूक वाटते. सासूबाईंना मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. तिथला विमानतळ कसा आहे, उतरल्यावर काय करायचं, निघताना काय सांभाळायचं, हे कुणी नीट सांगत नाही. तुम्ही सांगाल का?"

ताई, तुमची धाकधूक रास्त आहे. वेळापत्रक कागदावर बसतंय, पण त्यात एकही सांधा ढिला ठेवलेला नाही. बोट, विमान, रात्रीची गाडी आणि समारंभ, चारही एकमेकांना चिकटलेले. पहिलं घसरलं की चौथं गेलंच. म्हणून आधी सर्वात महत्त्वाचं सांगते: साखरपुडा आधी उरका आणि लक्षद्वीपला त्यानंतर जा. साखरपुड्याची तारीख हलणार नाही, सहलीची हलवता येते. पुण्याहून परत या, दोन दिवस घरी विसावा घ्या आणि मग मोपा गाठा. अगदीच जमत नसेल, तर सहल साखरपुड्याच्या निदान चार दिवस आधी संपवा. ज्या दिवशी आगत्तीहून निघायचं, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चुकवून चालणार नाही असं काहीही ठेवू नका.

एवढी ताकीद का, ते तिथली धावपट्टी कळली की लक्षात येईल. तुम्ही कुडाळच्या, चिपीचा विमानतळ तुम्हाला जवळचा. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटर लांब आहे. आगत्तीची जेमतेम १,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या साधारण निम्मी. सगळं बेटच साडेसात किलोमीटरच्या आसपास लांब आणि रुंदीला फार तर एक किलोमीटर. दक्षिणेकडे ते निमुळतं होत जातं आणि त्याच शेपटीवर १९८८ साली हा विमानतळ झाला. दोन्ही बाजूंना पाणी, पुढे कल्पिट्टी नावाचं चिमुकलं निर्जन बेट. मुंबई-पुण्याला येतात तसली जेट विमानं इथे उतरूच शकत नाहीत. उतरतं ते एटीआर, पंख्याचं विमान, साधारण सत्तर आसनांचं. धावपट्टी आखूड असल्यामुळे तेही कित्येकदा पूर्ण भरून नेता येत नाही, वजनाचा हिशेब करूनच उडवावं लागतं.

आता याचा तुमच्याशी काय संबंध? मुंबईला एक विमान रद्द झालं तर संध्याकाळपर्यंत दुसरं काहीतरी मिळतं. आगत्तीला विमानं मोजकी, आणि मोपाचं रोज असेलच असंही नाही. तिकीट काढतानाच बघून ठेवा की आठवड्यात ते कोणकोणत्या वारी आहे. रद्द झालं तर पुढचं दोन-तीन दिवसांनी असू शकतं. शिवाय वारा किंवा ढग फार असले तर वैमानिक बेटाजवळ जाऊनही न उतरता मागे फिरतो. शेजारी दुसरा विमानतळ नाही, त्यामुळे परतण्यापुरतं इंधन घेऊनच तो निघालेला असतो. अशा वेळी प्रवासी चिडतात, पण त्या आखूड पट्टीवर ओढून-ताणून उतरण्यापेक्षा मागे फिरणारा वैमानिक केव्हाही बरा. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, हवा चांगली असते, त्यामुळे असं होईलच असं मी म्हणत नाही. जून ते सप्टेंबर असता तर जाऊच नका म्हटलं असतं. पण यंत्रातला बिघाड महिना बघून होत नाही.

आता तयारी. पहिलं काम परवान्याचं. लक्षद्वीपला आपल्याच देशातल्या माणसालाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ सालच्या नियमांपासून हे चालत आलंय. कारण साधं आहे: बेटं इवलीशी, पाणी आणि जागा मोजकी, आणि तिथल्या लोकांचं जगणं जपायचं आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि तुम्ही जिथे उतरणार ते हॉटेल, होमस्टे किंवा पर्यटन संस्था त्यात मदत करतात. कागदपत्रांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून ती प्रशासनाच्या परवान्याच्या संकेतस्थळावरच बघा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. दोन गोष्टी मात्र डोळ्यात तेल घालून बघा. एक, परवान्यावर बेटांची नावं असतात. तुमच्या परवान्यावर आगत्ती आणि बंगारम दोन्ही हवीत. दोन, तारखा. परतीच्या दिवसालाच परवाना संपवू नका. अर्ज करताना पुढचे दोन-तीन दिवस मागून घ्या, म्हणजे अडकून पडलात तर निदान कागदाची काळजी नको.

परवान्याच्या छापील प्रती प्रत्येकाच्या तीन-तीन काढा. मोपाला काउंटरवर परवाना बघितल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाहीत. आगत्तीला उतरल्यावर पोलीस तो तपासून नोंद करतात, प्रत ठेवून घेतात. तिथे फोनमधला फोटो दाखवत बसलात आणि नेमकी रेंज गेली, तर मागची सगळी रांग तुमच्यासाठी खोळंबते. सासूबाईंच्या आधार कार्डावरचं नाव आणि परवान्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही पाहा. आपल्या घरांत माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव असा घोळ हमखास असतो.

आणि तिकिटावर मोपाच आहे ना, याची खात्री करा. गोव्याला दोन विमानतळ आहेत आणि दाबोळीला जाऊन उभे राहिलात तर मोपाला यायला गाडीने दीड-दोन तास मोडतात. तुम्हाला बांद्याच्या रस्त्याने मोपा अगदी हाताशी आहे, तो फायदा घ्या आणि आरामात दोन तास आधी पोहोचा.

सामानाचं म्हणाल, तर तिकिटावर जेवढे किलो लिहिलेत तेवढेच, बहुधा माणशी पंधराच्या आसपास. इथे "दोन किलो जास्त आहे, चालवून घ्या हो" चालत नाही. एटीआरच्या डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, चाकांची कडक बॅग त्यात मावत नाही. मऊ कापडी पिशव्या घ्या. सासूबाईंची औषधं, इन्सुलिन असेल तर तेही, हातातल्या पिशवीतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि सहलीच्या दिवसांपेक्षा एका आठवड्याची जास्त. आगत्तीत राजीव गांधी रुग्णालय आहे, पण तुमच्याच कंपनीची गोळी तिथे मिळेल असं धरून जाऊ नका. पॉवर बँकही हातातल्या पिशवीत, खाली टाकायच्या बॅगेत ती चालत नाही. दारूबिरू कुणी बरोबर घेत असेल तर घरीच ठेवायला सांगा. बंगारमचं रिसॉर्ट सोडलं तर तिथे दारूबंदी आहे.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर मागायची असेल तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा. एटीआरला दार मागच्या बाजूला असतं आणि त्या दारालाच आतून जोडलेला छोटा जिना. पायऱ्या मोजक्याच, पण अरुंद. कुठे कुठे उतार लावतात, पण तो असेलच असं नाही. तेव्हा यजमान पुढे आणि मुलगी मागे, असं सावकाश चढवा. आसनं शक्यतो मागच्या रांगांतली घ्या. एरवी लोक पुढची आसनं मागतात, इथे मागची सोयीची, आत चालावं लागत नाही. पंख्यांचा आवाज मोठा असतो. घाबरू नका म्हणावं, तो तसाच असतो. प्रवास दीड-पावणेदोन तासांचा.

सासूबाईंना मात्र आधीपासूनच खिडकीशी बसवा, उतरतानाच्या दोन मिनिटांसाठी. निळं, मग हिरवट, मग एकदम पांढरी वाळू, आणि जमीन दिसायच्या आधीच चाकं टेकतात असं वाटतं. ब्रेक जोरात लागतात, पट्टाही तोवर घट्ट हवा. धावपट्टी संपत आली की विमान टोकाला वळतं आणि आल्या वाटेनेच इमारतीकडे येतं.

इमारत म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढी. विमानापासून चालतच जायचं. ऊन डोक्यावर असतं, तेव्हा टोपी किंवा छत्री हाताशी ठेवा. आत परवान्याची नोंद, मग सामान, आणि तुम्ही बाहेर. बाहेर टॅक्सीवाल्यांची झुंबड नसते. म्हणून तुम्हाला न्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्या. गाडी आधीच सांगून ठेवलेली बरी. वस्ती उत्तरेकडे आहे. रस्ता सरळच आहे, अंतर थोडंच. वाटेत माडांची दाटी बघून सासूबाईंना आपल्याकडच्याच एखाद्या वाडीत आल्यासारखं वाटेल. भाषा मात्र मल्याळमच्या वळणाची, जेसरी. हिंदीवर बऱ्यापैकी निभावतं. गाव मुस्लिम आणि साधं आहे. समुद्रावरचे आखूड कपडे गावातून फिरताना नकोत, एवढं मुलीला सांगून ठेवा. रोख पैसेही पुरेसे असू द्या. यूपीआय चालतं, पण नेटवर्क असेल तेव्हा.

आता तुमच्या कार्यक्रमातला जो भाग मी पूर्ण उलटा करायला सांगणार आहे, तो. तुम्ही आगत्ती आधी आणि बंगारम शेवटी ठेवलंय. आधी बंगारम करा. उतरलात त्याच दिवशी बोट मिळत असेल तर थेट जा, नाहीतर एक रात्र आगत्तीत काढून दुसऱ्या दिवशी सकाळी. बंगारमला दोन रात्री पुरे. शेवटच्या दोन रात्री मात्र आगत्तीत, विमानतळाच्या बेटावर. ज्या दिवशी उडायचं त्या दिवशी मध्ये समुद्र नको. बंगारमची बोट तास-दीड तासाची. पण सकाळी वारा उठला, बोटवाला म्हणाला थांबा, तर तुमच्या हातात काही राहत नाही. तिकडे विमान वेळेवर सुटणार आणि तुम्ही जेट्टीवर बसून बघणार. "बोटवाले म्हणतात काही होत नाही" हे यजमानांचं वाक्य मला इथे बसल्या ऐकू येतंय. बोटवाले खोटं बोलत नाहीत, पण विमान चुकलं तर नवीन तिकीट ते काढून देणार नाहीत.

सासूबाईंना बंगारमला न्यावं का, हा माझ्या मते यापेक्षा अवघड प्रश्न आहे. विमानात त्यांना काही त्रास होणार नाही. त्रास आहे तो स्पीडबोटीचा. लाटेवर बोट आपटते, ते धक्के थेट कंबर-गुडघ्यांत बसतात, आणि जेट्टीवरून डुलत्या बोटीत पाऊल टाकणं ७४व्या वर्षी सोपं नाही. त्यांना विचारा, त्यांच्या वतीने ठरवू नका. कोकणातल्या आहेत, होडी त्यांना नवी नसेल. पण त्या नको म्हणाल्या, तर सगळ्यांनी चारही रात्री आगत्तीतच राहावं, असं मी मनापासून सांगेन. पश्चिमेकडचं खाजण, त्याला लगून म्हणतात, उथळ आणि शांत आहे. काचेच्या तळाच्या बोटीत बसून पोवळी आणि मासे बघता येतात. बाकीच्यांना वाटलं तर एका सकाळी बंगारम आणि त्याच्या शेजारच्या तिन्नाकारा बेटावर जाऊन संध्याकाळी परत, तेवढ्यात सासूबाईंसोबत कुणीतरी एकाने थांबायचं.

मुलगी कॉलेजातली, तिला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, करायचंच असणार. करू दे, पण सहलीच्या सुरुवातीला. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलं, तर वर हवेचा दाब कमी असल्यामुळे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास, एकाहून जास्त केल्या तर निदान १८ तास विमान टाळावं, असं सांगतात. तुम्ही पूर्ण २४ तास धरा. वरवर पोहत केलेल्या स्नॉर्केलिंगला ही अट नाही, ते शेवटच्या संध्याकाळीही चालेल.

निघताना सामानात काय नको, तेही सांगते, कारण विमानतळावर यावरूनच लोकांचे चेहरे पडतात. किनाऱ्यावर पोवळ्याचे पांढरे तुकडे पसरलेले असतात. इतके हलके, इतके सुंदर, की नकळत खिशात जातात. एकही आणू नका, मेलेला वाळका तुकडासुद्धा. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून पोवळ्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलंय. बऱ्याच शिंपल्या-शंखांनाही संरक्षण आहे, आणि कोणत्याला आहे नि कोणत्याला नाही हे आपल्याला ओळखता येत नाही. सामानाच्या तपासणीत सापडलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ही बेटंच मुळी पोवळ्यांच्या चुऱ्यावर उभी आहेत. येणाऱ्या प्रत्येकाने मूठभर नेली, तर तिथल्या माणसांच्या पायाखालची जमीनच आपण नेतो. आदल्या रात्री सगळ्यांचे खिसे, टॉवेलच्या घड्या आणि चपलांच्या पिशव्या झटका.

आणायचंच असेल तर खाऊ आणा. ट्यूना, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात, त्याचं लोणचं आणि नारळाच्या गुळाचे गोड पदार्थ मिळतात. लोणचं खालच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या पिशवीत तेलकट-पातळ पदार्थ अडवतात. सुकं खोबरं खालच्या बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, आणि अख्खा नारळ हातात नेऊ देत नाहीत. कुडाळला नारळ नेण्याची वेळ तशी तुमच्यावर येणार नाही म्हणा.

निघायच्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर राहत्या जागेच्या मालकांना विचारा, "आज विमान येतंय ना?" बेटावर ही बातमी विमान कंपनीच्या मेसेजच्या आधी पोहोचते. कुणाचा भाऊ विमानतळावर असतो, कुणाचा मेहुणा त्याच विमानाने येणार असतो. दोन तास आधी विमानतळावर जा. जाताना पोटभर खाऊन जा आणि सासूबाईंसाठी दशमी, चिवडा, बिस्किटं असं काहीतरी बरोबर ठेवा. त्यांचं खाणं वेळेवर व्हायला हवं, आणि आत काही मिळेलच याची खात्री नाही.

आणि समजा, विमान नाहीच आलं. गडबडून जाऊ नका, आणि काउंटर सोडून लगेच खोलीवरही जाऊ नका. रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत किंवा पुढच्या विमानात जागा, यातलं एक निवडायचा हक्क तुम्हाला आहे. हवामानामुळे रद्द झालं तर वेगळी भरपाई मात्र मिळत नाही. तुम्ही जागाच मागा, आणि तिथेच उभं राहून मागा, कारण पुढच्या विमानात रिकाम्या जागा थोड्या आणि मागणारे तुमच्यासारखेच सगळे. मोपाचं लवकर नसेल, तर कोचीच्या विमानाची चौकशी करा. कोचीहून मडगाव-कुडाळ बाजूला कोकण रेल्वेने येता येतं. जहाजही आहे कोचीला, पण रात्रभराचा आणि वर बराच वेळ असा तो प्रवास, तिकीट मिळणं कठीण, आणि तुम्हाला सासूबाईंना घेऊन तो मी सुचवणार नाही. ती तिकिटं तिथल्या रुग्णांना, विद्यार्थ्यांना लागतात हेही लक्षात ठेवा. मग राहत्या जागेच्या मालकांना फोन करून खोली वाढवून घ्या आणि परवान्याची तारीख संपत असेल तर त्यांच्याचमार्फत पोलीस ठाण्यात त्याच दिवशी कळवा.

मोपाहून पुढची रात्रीची गाडी, हॉटेल, जे काही असेल, ते वेगळ्या तिकिटावर असतं. विमानाला उशीर झाला म्हणून त्या गाडीचे पैसे विमान कंपनी देत नाही. म्हणून परतीच्या रात्री कुठलंच आरक्षण करू नका. मोपाहून तुमचं घर तासाभराच्या आतबाहेर आहे. घरी जा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. आणि भाचीच्या साखरपुड्याची तारीख पक्की झाली असेल, तर तिकिटं काढण्याआधी त्यानंतरच्या आठवड्यात मोपाचं विमान कोणत्या वारी आहे, तेवढं आजच बघा.